सत्तेचाळीस नंबरच्या खोलीची लाइन

तिने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी सरळ केला. चारही कोपरे फाटले होते, म्हणजे नोटीस बोर्डावरून ओढूनच काढला असणार.

"हे तुम्ही लिहिलं का, सर?"

कागद माझाच होता. आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मी तो टाइप केला होता आणि ग्रंथालय, मेस आणि मुलींचं वसतिगृह अशा तीन ठिकाणी लावायला पाठवला होता.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही विनिता पुंगाटी?"

"वाचा ना एकदा."

"मला माहीत आहे त्यात काय आहे."

"मग मी वाचते." तिने कागद उचलला आणि शाळेत धडा वाचावा तसा एका सुरात वाचला. "गेल्या आठवड्यात इंटरनेटचा सर्वाधिक व अवाजवी वापर करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे. एक, कुमारी विनिता पुंगाटी, भाषाशास्त्र विभाग, मुलींचे वसतिगृह, खोली क्रमांक सत्तेचाळीस. जोडणी पुढील आदेशापर्यंत बंद." कागद परत ठेवत ती म्हणाली, "नावे असं लिहिलंय. नाव एकच आहे."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात तांत्रिक सहायक होतो, कंत्राटी. दर ऑक्टोबरमध्ये मुदत वाढवून मिळायची. विद्यापीठ गावाबाहेर माळावर होतं आणि सगळ्यांना मिळून बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाइन होती, आठ एमबीपीएसची. आज एखाद्या दोन खोल्यांच्या घरातसुद्धा याच्या कितीतरी पट स्पीड असतो. तेव्हा तेवढ्यात दीड हजार माणसं भागवायची. आणि भागत होतं. जुलैपासून मात्र सकाळचे अकरा वाजले की नेट रांगायला लागायचं, ते संध्याकाळी पाचला पुन्हा उभं राहायचं. ऑगस्टभर तक्रारींचा ढीग झाला. भौतिकशास्त्राच्या मंगेश बोबडेचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यात गेला. शेवटच्या दिवशी तो दीड वाजल्यापासून ग्रंथालयात पान उघडायची वाट बघत बसला होता. पान उघडलं पाच वाजून दहा मिनिटांनी, आणि त्यावर लिहिलं होतं, मुदत संपली. बोबडे हुशार होता, बोलका होता, आणि त्याच्यामागे साठ-सत्तर मुलं उभी राहायला तयार होती. तो ती मुलं घेऊन केंद्रासमोर येऊन बसला.

आमचे प्रमुख डॉ. खानझोडे. ते मला आत बोलावून म्हणाले, "लांजेवार, कोण खातंय ते शोधा आणि बोर्डावर नाव लावा. एक नाव लागलं की बाकीचे आपोआप सुधारतात."

शोधणं अवघड नव्हतं. कुठल्या संगणकाने कधी आणि किती नेट वापरलं याची नोंद आमच्या सर्व्हरमध्ये आपोआप होत असे. तिला आम्ही लॉग म्हणायचो. मी आठवड्याचा लॉग काढला, अकरा ते पाच एवढा भाग वेगळा केला आणि बेरीज लावली. खोली क्रमांक सत्तेचाळीस सगळ्यांच्या फार वर होती. रोज बरोबर अकराला सुरू, पाचला बंद. खरं सांगतो, ते दिसलं तेव्हा मला आनंद झाला. दोन महिने शिव्या खाल्ल्यावर कोणाकडे तरी बोट दाखवता येणार होतं.

आणि ते कोण, हे आता माझ्यासमोर उभं होतं. पंचविशीतली मुलगी, काळीसावळी, तेल लावून घट्ट विंचरलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. आवाज कुठेही चढलेला नाही.

"मी नेट खूप वापरते, ते खरं आहे," ती म्हणाली. "पण रात्री अकरा ते पहाटे पाच. तेव्हा कोणाला लागत नाही म्हणून."

"लॉगमध्ये सकाळी अकरा आहे."

"सकाळी अकराला मी विभागात असते. खोलीला कुलूप असतं."

"कुलूप लावूनही संगणक चालू ठेवता येतो, मॅडम."

"येतो. मी ठेवत नाही."

"एवढं पाठवता तरी काय?"

"आवाज," ती म्हणाली, आणि मग मला कळेल असं सांगायला लागली. ती माडिया होती, भामरागडच्या पलीकडच्या एका गावची. मराठी ती आश्रमशाळेत शिकली होती. तीन वर्षांपासून गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांचं माडिया भाषेतलं बोलणं ध्वनिमुद्रित करत होती. झाडांची नावं, शिकारीच्या गोष्टी, लग्नातली गाणी, भांडणंसुद्धा. परदेशातल्या एका विद्यापीठाने अशा मागे पडत चाललेल्या भाषांचा संग्रह करायला घेतला होता. तिथे पाठवलेलं कायम जपून ठेवणार होते. पण पाठवायची मुदत तीस सप्टेंबरला संपत होती, आणि एकेक फाइल एवढी मोठी होती की रात्रीतून पाच-सहाच जायच्या.

"सीडीवर घालून पोस्टाने पाठवा ना."

"दोनदा पाठवल्या. एकदा पोचल्या नाहीत, एकदा तुटून पोचल्या. आणि माझ्याकडची एक डिस्क मागच्या वर्षी बिघडली. अकरा माणसं होती तिच्यात. त्यातली चार आता नाहीत."

त्यावर मी जे बोललो ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. "मॅडम, लॉग मशीन लिहितं. मशीनचं तुमच्याशी काही वैर नाही."

तिने मान हलवली. "त्या लॉगची एक प्रत मिळेल? माझ्या खोलीची?"

द्यायला हरकत नव्हती. मी छापून दिली. तिने ती उभ्याउभ्याच चाळली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेली. फाटकी नोटीस माझ्या टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, सुट्टी. मी एकटाच केंद्रात होतो, कारण एक गोष्ट मला खटकत होती. गुरुवारी रात्रीच सत्तेचाळीस नंबरची जोडणी मी काढली होती, तरी शुक्रवारी अकराला नेट पुन्हा रांगायला लागलं होतं. शुक्रवारभर मी लोकांना सांगत होतो, थोडा वेळ द्या. स्वतःलाही तेच सांगत होतो.

साडेदहाच्या सुमारास विनिता आली. बरोबर वसतिगृहाच्या डोर्लीकर मॅडम होत्या आणि त्यांच्या काखेत एक जाडजूड रजिस्टर. डोर्लीकर मॅडमचा मला थोडा धाक होता. त्या मला अरविंदा म्हणायच्या, माझी आई म्हणायची तसं.

"अरविंदा, हे वाच बरं," त्यांनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "बुधवार."

मी वाचलं. बुधवारी सकाळी नऊ पन्नासला वसतिगृहाजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज गेली. पाण्याची मोटर बंद म्हणून साडेबाराला टँकर मागवला. वीज आली संध्याकाळी सहा वीसला. खाली मॅडमची सही.

विनिताने मी दिलेली प्रत त्याच्या शेजारी पसरली. बुधवार, अकरा ते पाच, सत्तेचाळीस नंबरची खोली. इतर दिवसांसारखीच नोंद, मधे एक मिनिटाचाही खंड नाही.

"वीज नसताना माझा संगणक कसा चालला, तेवढं सांगा," ती म्हणाली.

"एखादी बॅटरी वगैरे..."

"अरे, सहा तास?" डोर्लीकर मॅडम म्हणाल्या. "आणि तुमचा तो नेटच्या वायरांचा डबा आमच्या जिन्याखाली आहे, तो कशावर चालला? तोही बंदच होता. मीच बघितला."

"मी बघतो," मी म्हटलं. "सोमवारी सांगतो."

त्या गेल्यावर मी सगळ्या विद्यापीठाचा लॉग उघडला. आजवर मी फक्त बेरजा बघत होतो, अकरा ते पाचच्या. आता पहिल्यांदा पूर्ण दिवस बघितला. पहिलंच पान परीक्षा विभागाचं निघालं. तिथले कारकून रात्री अकराला कामाला सुरुवात करत होते, रात्री दीड वाजता अर्धा तास जेवायला उठत होते आणि पहाटे पाच-साडेपाचला घरी जात होते. असं ते रोज करत होते. परीक्षा विभागाला मी ओळखत होतो. ते रात्रपाळी करणाऱ्यातले नव्हते.

सर्व्हरचं घड्याळ बारा तास मागे होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात जे घड्याळ दिसायचं ते बारा तासांच्या पद्धतीचं होतं. दुपारचा सव्वा असो की रात्रीचा, तिथे सव्वाच दिसे, म्हणून कधी लक्षात आलं नाही. मग जुलै आठवला. सर्व्हरच्या आतला छोटा सेल संपला होता, तो मी बदलला आणि घड्याळ पुन्हा लावलं. दुपारचा सव्वा वाजला होता. तेरा पंधरा लिहायच्या जागी मी एक पंधरा लिहिलं. जेवायची घाई होती.

म्हणजे विनिता खरं बोलत होती. तिची रात्र माझ्या लॉगमध्ये दिवस म्हणून लिहिली जात होती. पण मग दिवसा लाइन कोण खात होतं?

त्याचं उत्तर यायला फार वेळ लागला नाही. एप्रिलमध्ये मी स्वतः एक सोय केली होती. विद्यापीठात चारशे संगणक. प्रत्येकाने व्हायरसविरोधी अपडेट आणि लागणारी मोफत सॉफ्टवेअर वेगवेगळी उतरवण्यापेक्षा सर्व्हरने ती एकदाच उतरवून ठेवावीत आणि सगळ्यांनी तिथून घ्यावीत. त्या कल्पनेचा मला अभिमान होता, खानझोडे सरांनी कुलगुरूंच्या बैठकीत माझं नावही घेतलं होतं. काम जड होतं म्हणून मी ते रात्री अकराला सुरू होऊन पहाटे पाचला थांबेल असं लावलं होतं. सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे. आणि लॉगमध्ये त्याची नोंद होत नव्हती, कारण लॉग बाकीच्यांसाठी होता. आपल्याच सर्व्हरवर पाळत ठेवावी असं मला कधी वाटलंच नव्हतं.

दीड हजार माणसांचं नेट दोन महिने रोज अकरा ते पाच मी खात होतो.

मी घड्याळ बरोबर केलं. ते दोन मिनिटांचं काम होतं. बोर्डावरच्या उरलेल्या दोन नोटिसा काढल्या, खिशात घातल्या आणि खोलीवर गेलो. सोमवारी सत्तेचाळीस नंबरची जोडणी गुपचूप सुरू करून देऊ, तांत्रिक अडचण होती म्हणू, असं ठरवलं. कोणाचं काय बिघडतंय, असं वाटलं.

सोमवारी अकरा वाजले आणि नेट रांगलं नाही. बारा वाजले, एक वाजला. ग्रंथालयात मुलं संगणकासमोरून उठेनात. दोन वाजता मंगेश बोबडे चार-पाच मित्रांसह केंद्रात आला आणि संत्रा बर्फीचा बॉक्स माझ्यापुढे उघडला.

"घ्या सर. आम्ही तुम्हाला लय बोललो. पण तुम्ही करून दाखवलं. एक माणूस बंद केला अन् बघा."

"तसं नाही, बोबडे..."

"नाही कसं? पुंगाटी मॅडमला आम्ही मेसमध्ये विचारलंसुद्धा, एवढं काय बघता म्हणून."

खानझोडे सर मागून आले होते. त्यांनी बर्फी उचलली. "मी म्हटलं नव्हतं? नाव लावावंच लागतं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी बर्फी खाल्ली. खरं बोलायची ती वेळ होती आणि माझ्या तोंडात बर्फी होती. त्यानंतर त्या दिवशी मी सत्तेचाळीस नंबरची जोडणीही सुरू केली नाही, कारण ती सुरू केल्यावर कोणीतरी 'का?' असं विचारलं असतं.

मंगळवारी सकाळी मी भाषाशास्त्र विभागात गेलो. विनिता एका लांब टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसली होती. ऐकत होती, थांबवत होती, वहीत लिहीत होती. मला बघून तिने हेडफोन काढले.

"तुमची जोडणी आज सुरू करून देतो," मी म्हटलं. "नोटीस मी शनिवारीच काढली. काहीतरी तांत्रिक चूक होती."

"कोणाची?"

"सर्व्हरच्या घड्याळाची."

"घड्याळ कोणी लावलं होतं?"

"मी."

तिने वहीवर पेन आडवं ठेवलं. "अजून एक सांगा. मी गुरुवारपासून बंद आहे. नेट सोमवारी सुधारलं. शनिवारी तुम्ही घड्याळ सोडून अजून काय केलं?"

दोन महिन्यांत दीड हजार माणसांतल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं, एप्रिलपासून. सांगून झाल्यावर ती खिडकीबाहेर बघत होती.

"रविवारी मी जेवायला बसले तर समोरची मुलगी ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली," ती म्हणाली. "ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते. एकमेकींच्या छत्र्या वापरतो आम्ही."

"मी डोर्लीकर मॅडमना सांगतो, त्या मुलींना समजावतील..."

"जोडणी द्या, सर. माझ्या पाच रात्री गेल्यात, ती मला लागणारच आहे. नावाचं मी काही मागणार नाही. तुम्हीच ठरवा." तिने हेडफोन परत कानाला लावले.

त्या विभागापासून केंद्रापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा आहे. मला त्या दिवशी अर्धा तास लागला. ऑक्टोबर पंधरा दिवसांवर होता. गावाकडे आई होती, माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. खानझोडे सरांना चूक चालायची, पण ती चारचौघांत गेलेली चालायची नाही. हे सगळं मी मनात उलटसुलट करून बघितलं. पण प्रत्येक वेळी ती ताट घेऊन उठलेली मुलगी मधे यायची.

केंद्रात येऊन मी टाइप करायला बसलो. मजकूर तोच ठेवला, वेगळं सुचत नव्हतं.

"जुलैपासून इंटरनेटचा सर्वाधिक व अवाजवी वापर करणाऱ्याचे नाव. एक, अरविंद लांजेवार, तांत्रिक सहायक, संगणक केंद्र. रोज सकाळी अकरा ते सायंकाळी पाच. कारण, सर्व्हरचे घड्याळ चुकीचे लावले. कुमारी विनिता पुंगाटी यांचे नाव याच चुकीमुळे लागले. त्या रात्री, कोणाला लागत नसताना नेट वापरत होत्या. त्यांची माफी मागतो." खाली सही केली. तीन प्रती काढल्या आणि या वेळी तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन लावल्या. मुलींच्या वसतिगृहात डोर्लीकर मॅडमनी टाचण्या दिल्या आणि माझ्यासमोर उभं राहून पूर्ण वाचलं. एक टाचणी वाकडी लागली होती ती काढून नीट लावली.

तासाभरात सरांचा निरोप आला.

"चूक झाली तर मला सांगायचं, लांजेवार. बोर्डाला कशाला सांगितलं?"

"तिचं नाव बोर्डावर होतं, सर."

"आणि केंद्राचं नाव? उद्या कुलगुरू मला विचारतील, तुमचाच सर्व्हर खात होता आणि तुम्ही पोरीला पकडलं? मी काय सांगू?"

"तसंच झालं, असं सांगा."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नाव लावा असं मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "आधी विचारून या, असं म्हटलं नव्हतं." आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता सभागृहात सगळ्यांना बोलवा, असं सांगितलं.

बुधवारी सभागृह भरलं. मी पुढे उभा राहून घडलं ते सांगितलं. संपल्यावर मंगेश बोबडे उठला.

"म्हणजे माझा फॉर्म तुमच्यामुळे गेला?"

"हो."

त्याच्या चेहऱ्याकडे बघणं मला कठीण जात होतं, तरी मी बघत राहिलो. तो पुढे म्हणाला, "आणि आम्ही तुम्हाला बर्फी आणली."

मागून कोणीतरी हसलं, मग आणखी दोघंतिघं. बोबडे हसला नाही. तो वळला आणि मुलींच्या बाजूला बसलेल्या विनिताकडे बघून म्हणाला, "मॅडम, मेसमध्ये मी जे बोललो ते बोलायला नको होतं." आणि खाली बसला. माझ्याशी त्यानंतर दोन-तीन दिवस तो बोलला नाही, ते बरोबरच होतं.

खानझोडे सरांनी विचारलं, आता पुढे काय करायचं. कोणी म्हणालं प्रत्येकाला सारखं वाटून द्या. कोणी म्हणालं वसतिगृहांना दिवसा बंदच करा. बराच गलका झाला. मग विनिता उभी राहिली. तिला माईक नको होता.

"सारखं वाटलं तर ज्याला दोन पत्रं बघायची त्याचं अर्धं वाया जाईल आणि माझं कधीच पुरणार नाही," ती म्हणाली. "कोणी किती वापरलं एवढंच बघू नका, कधी वापरलं ते बघा. दिवसा गर्दी असते, तेव्हा सगळ्यांना सारखं. जड काम रात्री. आणि कोणाला दिवसा जास्त लागणार असेल, फॉर्म असेल, मुलाखत असेल, तर त्याने आदल्या दिवशी सांगावं, बाकीच्यांनी जागा द्यावी. किती लाइन आहे आणि किती चालू आहे हे मात्र सगळ्यांना दिसू द्या. आम्हाला ते कधी दिसलंच नाही, सर."

नियम जवळजवळ तसेच झाले. केंद्राच्या बाहेर एक पडदा लावला, त्यावर प्रत्येक खोलीच्या आणि विभागाच्या वापराची रेषा खोलीच्या नंबरासह दिसायची. सगळ्यात वर केंद्राच्या स्वतःच्या सर्व्हरची. आणि एक नियम खानझोडे सरांनी आपल्या हाताने लिहिला, की त्या माणसाला आधी भेटून विचारल्याशिवाय कोणाचंही नाव बोर्डावर लावायचं नाही.

माझं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकतो. ऑक्टोबरमध्ये मला मुदतवाढीचं पत्र मिळालं आणि कामातल्या हलगर्जीपणाबद्दल लेखी ताकीदही. दोन्हींवर सरांचीच सही होती आणि दोन्ही एकाच लिफाफ्यात होती. त्या विद्यापीठात मी आणखी नऊ वर्षं होतो.

पण त्याआधीचा एक रविवार सांगायचा आहे.

सप्टेंबरची तीस तारीख मंगळवारी येत होती. जोडणी सुरू झाल्यापासून विनिता रोज रात्री फाइली पाठवत होती, तरी शुक्रवारी तिने हिशेब केला तेव्हा रविवार उजाडेपर्यंत एकोणचाळीस उरत होत्या. त्यापुढच्या दोन रात्रींत फार तर बारा गेल्या असत्या. गेलेले दिवस भरून निघणार नव्हते. तिने कोणाकडे तक्रार केली नाही. कुठल्या सत्तावीस मागे ठेवायच्या त्याची ती यादी करत होती आणि ते डोर्लीकर मॅडमनी बघितलं. मॅडमनी मला सांगितलं. मी बोबडेकडे गेलो, कारण साठ-सत्तर मुलं त्याचं ऐकायची.

त्याने ऐकून घेतलं. "दिवसाची सगळी लाइन एकालाच दिली तर किती वेळ लागेल?"

"मुलींच्या वसतिगृहाची वायर बारीक आहे आणि केंद्र रात्री बंद असतं. दिवसा केंद्रात बसून पाठवलं तर आठ तास. नऊ."

"रविवारी चालेल?"

शनिवारी दिवसभर तो खोल्याखोल्यांतून फिरला. मुलींच्या वसतिगृहात ताट घेऊन उठलेली ती मुलगी फिरली, असं मॅडमकडून कळलं. केंद्राने काहीही बंद करायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. ज्याला वापरायचं त्याने वापरावं. फक्त विचारलं होतं.

रविवारी सकाळी आठला विनिता तिच्या डिस्क घेऊन केंद्रात आली. मी तिला माझ्या टेबलाशी, दारातून बाहेरचा पडदा दिसेल असं बसवलं. नऊ वाजेपर्यंत पडद्यावर पंधरा-वीस रेषा होत्या. मग एकेक विझत गेली. ग्रंथालय गेलं. मुलांच्या वसतिगृहाचे मजले गेले. प्राध्यापकांच्या घरांपैकी एक रेषा साडेनऊपर्यंत टिकून होती, तीही गेली. पावणेदहाला पडद्यावर एकच रेषा उरली, वर जाऊन आडवी झालेली, जाड. लाइनची पूर्ण रुंदी कोणा एकाने वापरलेली मी तोपर्यंत कधी बघितली नव्हती. म्हणजे मी वापरत होतो, पण ती कोणी दिली नव्हती.

प्रत्येक फाइल पोचली की ती वहीत एका नावापुढे खूण करायची. दुपारी बोबडे डबा घेऊन आला आणि तोही बसून राहिला. खुणा करताना ती कधीकधी नाव मोठ्याने वाचायची, मग तो विचारायचा, हे कोण. ती सांगायची. ही माझ्या आईची मावशी. हा अस्वलाच्या तावडीतून सुटलेला. ही खोटं बोलते, पण गोड बोलते.

सहाला दहा मिनिटं कमी असताना एकोणचाळिसावी फाइल पोचली. तिने शेवटची खूण केली, वही मिटली आणि पडद्याकडे बघितलं. आता त्यावर एकही रेषा नव्हती.

"सांगा सगळ्यांना," ती म्हणाली.

बोबडेने फोन केला. दोन-तीन मिनिटं काही झालं नाही. मग खालून एक रेषा उठली, मग दुसरी, मग एकदम गर्दी झाली. आम्ही तिघं ते बघत उभे होतो. एक रेषा बाकीच्यांच्या फार वर चढली, जवळजवळ टोकाला. मुलांचं वसतिगृह, खोली क्रमांक बावीस.

"हा कोण?" विनिताने विचारलं.

"विचारून येऊ," मी चपला घालत म्हटलं.

बोबडे घसा खाकरून म्हणाला, "बसा, सर. ती माझी असेल. फोन आला की सुरू कर, असं रूममेटला सांगितलं होतं. सकाळपासून रांगेत लावून ठेवलं होतं सगळं."

विनिता हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होतो.